हवा

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात बोरखेडी फाट्यावर
आम्ही मुक्कामी गाडीची हवा सोडली.
सात जण होतो.
आता पानठेल्यावर मोजायला बसलं तर चाळीस भरतात,
त्यातले काही तेव्हा पाळण्यात होते.

मागणी काय होती?
शालिक म्हणतो, पासात सवलत.
वामन टेकाम म्हणतो, सवलत नोहे बावा, सकाळची गाडी.
मला दोन्ही खरं वाटतं, जो बोलतो त्याचं.
पण वॉल्व्ह दाबल्यावर निघालेला आवाज
तिघांनाही एकच आठवतो:
सूऽऽऽ
जणू सरकारच खाली बसत चाललंय
एकेका चाकानं.

ठाण्यात कोठडी भरलेली होती
जप्तीच्या मोहाच्या पिप्यांनी,
म्हणून आम्हाला अंगणात बसवलं, पऱ्हाट्यांच्या शेकोटीशी.
ढेंगळे हवालदार रात्रभर शिव्या देत होते
आणि घरून आलेली भाकर, अंबाडीची भाजी
सातांत वाटत होते.
प्रभाकर ढोक उलट्या बादलीवर उभा राहून बोलला.
काय बोलला ते गेलं.
मी कुडकुडत होतो, त्यानं बोलता बोलताच
आपला मफलर माझ्या गळ्यात टाकला.
माझं राजकारण म्हणाल तर तेवढंच.
धुराचा वास होता त्याला.

पुढं ढोकभाऊंनी तीनदा पक्ष बदलला.
मी एकदाही नाही.
एका निवडणुकीत ते स्वतः दारात आले, हात जोडून,
केस काळे केलेले,
म्हणाले, आता तिकडं नाही, इकडं.
मी चहा पाजला. दोन कप.
आणि मत त्यांच्या विरोधात दिलं,
त्यांच्याचसाठी.

यंत्र लांब शिट्टी देतं ना बटण दाबल्यावर,
मला चाक बसताना ऐकू येतं.
दर पाच वर्षांनी.

तर मी एसटीतच लागलो. हसू नका.
एकतीस वर्षं कंडक्टर, दारव्हा आगार.
एकदा पोट्ट्यांनी माझीच गाडी अडवली, तुराट्या आडव्या टाकून.
मी खाली उतरलो, म्हटलं,
मायबापाच्या पैशावर कायचे रे पुढारी होता?
गळा माझा होता, आवाज ढेंगळ्यांचा.
एक बारकं पोरगं मागच्या टायरापाशी वाकलं होतं.
ते मला दिसलं.
मी एका चाकापुरता उशिरा ओरडलो.

एक बाई होती त्या रात्री, मुक्कामी गाडीत.
कडेवर तापलेलं लेकरू.
ती उतरली, कोणाला काही बोलली नाही,
नेरच्या दिशेनं अंधारात चालू लागली.
ती गोष्टीत येत नाही.
पानठेल्यावर चाळीस जण मावतात,
तिला जागा होत नाही.
मीही तिच्यापर्यंत आलो की
चुन्याची डबी शोधायला लागतो.

काल श्वेतल रात्री साडेअकराला घरी आली.
माझी धाकटी, डी.एड. करते.
समाजमंदिराच्या भिंतीवर काही लिहून आल्या पोरी,
माझ्याच चिन्हाच्या विरोधात.
कोपरापर्यंत निळा ऑइलपेंट.
चूल विझत आली होती, तिच्याशी बसली, म्हणाली,
बाबा, तुम्ही काहून त्याच बटणाले चिकटून हाये?
मी कालवा सांगितला, रेशन सांगितलं,
मेडिगड्ड्याचं धरण सांगितलं, त्याचा इथं काय संबंध
ते तिनं विचारलं.
मला सुचलं नाही.
मफलर सांगायचा होता.
ती हसत होती, दात लुकलुकत होते,
थंडीनं का आनंदानं कोण जाणे,
आणि दर वाक्यात कुण्या एका मधुराचं नाव येत होतं:
मधुरानं शिडी धरली, मधुरा घाबरली नाही,
मधुरानं आपला स्वेटर दिला.

स्वेटर तिच्याच अंगात होता.

मी उठून रॉकेलची बाटली काढली, चिंधी दिली.
ती म्हणाली, राहू द्या,
हा वास काही आत्ताच जात नाही.

आत्ताच, म्हणे.